काजूचा काटा

आरोग्य केंद्रातला काटा एकशे वीसवर अडकला
आणि पियेदाद नर्सने माझ्याकडे न बघता
नोंदवहीत एक आडवी रेघ मारली.
रेघ, म्हणजे: पुढचं आमच्याकडे नाही.

मग तीच म्हणाली, चल.
दुपारी दोनला, वाळपईचा बाजार पेंगलेला असताना
आम्ही मागच्या दाराने बाबलो माजिकांच्या गोदामात शिरलो,
जिथे मोसमात काजूच्या बिया विकत घेतात.
लोखंडी पाट. त्यावर चीक वाळून काळा झालेला.
बाबलोंनी हमालांना चहाला पिटाळलं,
स्वतः भिंतीकडे तोंड केलं,
आणि पियेदादने आकडा वाचला, हळू, एकदाच.
एकशे अठ्ठेचाळीस.
बाबलोंनी तो लिहिला फोंडू गावसच्या तीन गोणींखाली:
शिंपीण. १४८. ओल वजा नाही.

अर्ध्या गावाची कंबर मला पाठ.
स्वतःला मात्र एक टेप पुरायची नाही.
दोन टेपा पिनेने जोडून
मी रात्री मोजायची, दिवा बारीक करून.

गावाला कसं कळलं, देव जाणे.
इनास पदेराने शेजारी भोंपू वाजवला, पलीकडे वाजवला,
माझ्या दारावरून सायकल हाताने ढकलत गेला,
मुकाट, चोरासारखा.
सात दिवस मी त्याला शिव्या घातल्या.
आठव्या दिवशी त्याने खिडकीत एक पोई ठेवली,
एकच, कोंड्याची. म्हणाला,
"बसून खा गो बाय. उबी रावून न्हय."
बारा वर्षं मी कापडं बेतायच्या फळीपाशी
उभ्यानेच खात होते,
कुणी यायच्या आत.
हे त्याला कुणी सांगितलं?

पहाटे शेवंती यायची.
पहिला महिना पिंपळापर्यंत, मग शाळेपर्यंत,
पावसाळा सरता सरता नदीवरच्या पुलापर्यंत.
तिला बोलल्यावाचून चालता येत नाही,
मला चालताना बोलता येत नव्हतं,
म्हणून आमचं जमलं.
तिच्या सासूच्या तीन पिढ्या मी धापा टाकत ऐकल्या.

चवथीला नेवऱ्यांचा डबा मी एकटीने संपवला.
मग आणखी एक.
पाच किलो परत आले, घरच्यासारखे,
आणि मी दार लावून घेतलं.
पियेदाद आली, गेली. शेवंती ओट्यावर बसून एकटीच बोलली.
शेवटी बाबलो आले, काखेत वही.
"हे बघ. पोरच्या वर्षी फोंडूची बी ओली निघाली,
दर पडला, तो भांडला, गेला.
यंदा आलाच ना गोणी घेऊन?"
एवढंच. पाणीही न पिता उठले.

काल आकडा सत्त्याऐंशी.
बाबलोंनी एक गोण भरली, मापून, एकसष्ट किलोची.
"उचल."
मी वाकले. गोण जागची हलली नाही.
पियेदादने एक कान धरला, दुसरा शेवंतीने,
इनासने सायकल भिंतीला टेकवली,
आणि मी चौथा.
जमिनीपासून वीतभर, जेमतेम.
"हें घेवन तूं माळ्यार चडटाली?"
इनास म्हणाला,
आणि शेवंती, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प.

पोटाची कातडी सैल लोंबते अजून.
तिला टिपा घालता येत नाहीत, मी बघितलंय.
रात्री भूक जुन्या गिऱ्हाइकासारखी
दार वाजवते, उधारी मागते.
कधी मी देतेही.

गोण खाली ठेवली तेव्हा
कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.
बाबलोंनी चष्मा पुसला, वही उघडली:
शिंपीण. ८७.
ओल वजा, अर्धा किलो.
कुणाची, ते लिहिलं नाही.